नऊ जाहिराती, तीन पायऱ्या: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

पहिली बैठक शुक्रवारी ठरली होती. पण मध्य रेल्वेचा ६३ तासांचा ब्लॉक आडवा आला. ठाण्याचा फलाट रुंद करायचा होता, सीएसएमटीचे लांब, म्हणून बैठक आजवर ढकलली. कंपनीचं ऑफिस कांजूरमार्गला, गोदाम भिवंडीला. माल ठेवायचा, पोचवायचा आणि कुठे अडकला तर ते फोनवर सांगायचं, असा धंदा. नाव लिहीत नाही.

काम थोडक्यात असं: नऊ पदांच्या भरतीच्या जाहिराती नव्याने लिहायच्या. मॅनेजर सर म्हणाले, "वर्षभर एकाच साच्यातले अर्ज येतायत. पंचविशीतली मुलं, तीन महिन्यांत सोडून जातात. जरा वेगळी माणसंही वळतील असं काहीतरी लिहा." एचआरच्या मॅडमनी जोडलं, "आणि सगळ्यात खाली ती समान संधीची ओळ टाकून द्या, म्हणजे झालं."

ती ओळ त्यांच्याकडे तयारच होती. मराठीतसुद्धा. वंश, रंग, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ आणि पुढे "संरक्षित निवृत्त सैनिक दर्जा". मॅडमना विचारलं, हा कसला दर्जा? त्यांनाही ठाऊक नव्हतं. ही ओळ अमेरिकेतली. तिथे सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत अशी ओळ १९६५च्या अध्यक्षीय आदेशामुळे आली, आणि तिकडून ती उचलून आपल्याकडच्या कंपन्या चिकटवतात. गंमत म्हणजे एवढ्या लांब यादीत जात नाही. मुंबईतली कंपनी, भेदभाव करणार नाही म्हणून सांगतेय, आणि जात हा शब्दच नाही.

४ जून, मंगळवार

निवडणुकीच्या निकालाचा दिवस. सगळ्या ऑफिसात मोबाइलवर आकडे. काम शून्य.

६ जून, गुरुवार

नऊही जाहिराती छापून घेतल्या आणि एकेक ओळ वाचत, ज्याला त्याला विचारत बसलो: ही अट कोणी घातली? दिवसभर तेच.

डेटा एंट्रीच्या पदाला "स्वतःची टू-व्हीलर आवश्यक". खुर्चीतून न उठण्याचं काम, त्याला गाडी कशाला? शोधत गेलो तर ती ओळ डिलिव्हरी को-ऑर्डिनेटरच्या जाहिरातीतून आलेली. कधीतरी कोणीतरी जुनी फाइल "सेव्ह अ‍ॅज" केली, पदाचं नाव बदललं आणि गाडी तिथेच राहिली. रिसेप्शनला "आकर्षक व्यक्तिमत्त्व, फक्त मुली". स्टोअर सुपरवायझरला "मेल ओन्ली". अकाउंट्सला "वय २२ ते २८". फोनवरच्या मदतकक्षाला "सेंट्रल लाइनवरचेच". सगळीकडे "इमिजिएट जॉइनर". पगार एकाही ठिकाणी नाही, "बेस्ट इन इंडस्ट्री" मात्र नऊच्या नऊ.

एकूण ११२ अटी. त्यातल्या ३८ अशा निघाल्या की ज्यांचा कोणी धनीच नाही. संबंधित विभागप्रमुखाला विचारलं की तो म्हणतो "एचआरने टाकलं असेल", एचआर म्हणतं "त्यांनीच दिलं होतं". एवढी माणसं ज्या चाळणीने गाळली, ती चाळणी कोणी विकतही आणली नव्हती.

१० जून, सोमवार

आज माझीच पंचाईत झाली.

इंग्रजी जाहिरातींतल्या पुरुषी शब्दांवर गोशे, फ्रीसन आणि के या तिघांचा २०११चा अभ्यास आहे. पुरुषांचा भरणा असलेल्या क्षेत्रांच्या जाहिरातींत "वर्चस्व", "स्पर्धा" या जातीचे शब्द जास्त, आणि तसे शब्द असले की बायकांना ती नोकरी कमी ओढते, आपण त्यातले नव्हे असं वाटतं. म्हटलं, मराठीतलेही असे शब्द काढून टाकू. सापडले, नाही असं नाही. "धडाडीचा", "तडफदार". (तडफदार हा शब्द आता फक्त वाढदिवसाच्या बॅनरवर शोभतो.) पण ते उडवले तरी जाहिरात पुरुषाचीच राहिली. कारण मराठीत पुरुष शब्दात बसत नाही, क्रियापदाच्या शेपटीला बसतो.

"उमेदवार कष्टाळू असावा. टॅलीचा अनुभव असलेला असावा. ताण सहन करू शकणारा असावा." नऊ जाहिरातींत "असावा" ४७ वेळा मोजला. आणि पंधरा वर्षं मी स्वतः हेच लिहीत आलोय, एकदाही खटकलं नाही. महिला उमेदवार असं म्हणावं लागतं, पुरुष उमेदवार असं सहसा म्हणावं लागत नाही, ते उगीच नव्हे.

पहिला प्रयत्न तिरक्या रेघेचा: असावा/असावी, करणारा/करणारी. चार ओळींत तहसील कचेरीतला फॉर्म वाटायला लागला, आणि या दोन्हींत न बसणारं माणूस तरीही बाहेरच. दुसरा प्रयत्न "व्यक्ती". व्यक्ती स्त्रीलिंगी, म्हणून मग "तिने गाडी सुरक्षित चालवावी". ड्रायव्हरच्या जाहिरातीवर मॅनेजर सर हसले, "ही कोण ती?" "तो" वाचताना मात्र "हा कोण तो" असं कोणी कधी विचारलं नव्हतं. हे सरांना म्हटलं नाही, इथे लिहून ठेवतोय.

तिसऱ्यांदा सरळ समोरच्याशी बोलायला लागलो आणि गाठ सुटली. "तुम्ही रोजची बिलं टॅलीत चढवाल. महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीचं रिटर्न भरायला मदत कराल. तुम्हाला एक्सेल यायला हवं." "कराल", "चढवाल" यांना लिंग नाही. "यायला हवं" हे एक्सेलला लागलं. खाचखळगे इथेही आहेत. "तुम्ही नवे असाल तरी चालेल" लिहिलं की पुन्हा पुरुष आत शिरला. ते झालं "हे काम तुम्हाला नवं असलं तरी चालेल". "शिकलेले असाल" ऐवजी "तुमचं शिक्षण". सरावाने जमतं.

आणखी एक फायदा अनपेक्षित. "कष्टाळू, प्रामाणिक, तडफदार असावा" हे "तुम्ही"मध्ये म्हणताच येत नाही. "तुम्ही प्रामाणिक असायला हवं" असं कोणाच्या तोंडावर कसं म्हणणार? ते आपोआप गळलं आणि त्या जागी कामाचं वर्णन आलं.

१३ जून, गुरुवार

शेजारच्या वहिनींना अकाउंट्सची जुनी जाहिरात वाचायला दिली. नऊ वर्षं एका पतपेढीत काम, मग सासूबाईंना अर्धांगवायू, मग मुलीची दहावी. सात वर्षं घरी. ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. "बी.कॉम. रेग्युलर."

"भावोजी, हे माझ्यासाठी नाही."

"का? टॅली येतं की तुम्हाला."

"येतं हो. पण माझं मुक्तचं आहे ना. त्यांना नकोय म्हणतायत."

मुक्त म्हणजे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ सालचं. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठांच्या पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या, हे यूजीसीने २०२२मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलंय. वहिनींना तेही सांगितलं. "सरकारला चालत असेल," म्हणाल्या आणि कागद परत केला. पुढच्या ओळी वाचल्याच नाहीत.

एचआरच्या सेमिनारात एक वाक्य हमखास फिरतं: पुरुष ६० टक्के अटी जुळल्या की अर्ज करतात, बायका १०० टक्के जुळल्या तरच. त्यामागे मोठा अभ्यास नाही, एका अमेरिकन कंपनीच्या आतल्या माहितीवरून ते पसरलं. त्यापेक्षा टॅरा मोर यांनी २०१४मध्ये हजारावर माणसांना विचारलं ते जास्त कामाचं. अर्ज का केला नाही याचं सगळ्यात जास्त आलेलं उत्तर बायका आणि पुरुष दोघांचंही एकच: अटीत बसत नाही, घेणार नाहीत, उगीच वेळ कशाला घालवा. म्हणजे आत्मविश्वासाचं नंतर बघू. लोक जाहिरात खरी मानतात, हा मुद्दा. लिहिणारे मानत नाहीत.

अकाउंट्सच्या प्रमुखांना फोन केला. रेग्युलरच का? "मी कुठे म्हटलं? मी स्वतः रात्रीच्या कॉलेजचा. दिवसा काळबादेवीला पेढीवर बसायचो." मग ओळ आली कुठून? एका कन्सल्टन्सीच्या साच्यातून.

१८ जून, मंगळवार

कायद्याचा दिवस. मॅडमना एकेक दाखवत गेलो. समान वेतन कायदा १९७६चा, तो फक्त पगाराचा नव्हता, भरती करताना बायकांना डावलू नये हेही त्यात होतं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७चा, त्यातही तेच. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९चा कायदा खासगी नोकरीलाही लागू. एचआयव्ही-एड्सच्या २०१७च्या कायद्याने नोकरीसाठी ती तपासणी सक्तीची करता येत नाही. ड्रायव्हरच्या जाहिरातीत "सर्व रक्ततपासण्या" असं मोघम होतं, ते काढलं. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायचं असतं. २० किंवा जास्त माणसं असतील तर त्यात कोणती पदं, कोणत्या सोयी हेही. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे ती खालची एक ओळ पुरत नाही तर." वयाबाबत मात्र खासगी नोकरीला असा सर्वसाधारण कायदा नाही. तिथे वाद घालूनच "२२ ते २८" काढावं लागलं.

"मेल ओन्ली"वर अडलो. गोदामाची दुसरी पाळी रात्री ११ला सुटते. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत गाडी हवी. सर म्हणाले, भिवंडीहून कल्याण, मुंब्रा, कळवा अशी गाडी फिरवायची तर खर्च कोण बघणार? खरं आहे. दोन शब्द खोडायला पैसे लागत नाहीत, पण गाडी न देता खोडले तर ती थापच. ठरलं काहीच नाही. ती जाहिरात बाजूला ठेवली.

२४ जून, सोमवार

अर्जाचा फॉर्म. जाहिरात कितीही मोकळी लिहा, पुढे फॉर्म विचारतो: वडिलांचे/पतीचे नाव, वैवाहिक स्थिती, धर्म, मूळ गाव, पूर्ण पत्ता, फोटो.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला होता. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. उच्चजातीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "आम्ही जात विचारतच नाही." खरंच नाही विचारत. आडनाव, गाव आणि पत्ता विचारतात. पत्त्यात "अमुक नगर झोपडपट्टी, गोवंडी" असलं की आणखी काय विचारायचं राहतं?

आता पहिल्या फॉर्ममध्ये नाव, फोन, अनुभव आणि कामाचे दोन प्रश्न एवढंच. निवड करणाऱ्यासमोर नावाचा रकाना झाकलेला जाईल. पत्ता, कागदपत्रं नोकरी पक्की झाल्यावर. "पत्त्याऐवजी जवळचं स्टेशन विचारू," असं मीच सुचवलं होतं, आणि घरी येताना विक्रोळीला गाडी उभी असताना कळलं की स्टेशनही तेच सांगतं. म्हणून "सेंट्रल लाइनवरचेच" जाऊन त्या जागी आलं: "सकाळी ८ला कांजूरमार्गला पोचणं जमेल का?" विरारचा माणूस कसा येईल ते त्याचं तो ठरवेल. पहाटेची पहिली गाडी पकडणारे आहेत इथे.

लिंगाचा रकाना काढूनच टाकला. पहिल्या टप्प्यात त्याचं कोणाला काम नव्हतं.

२८ जून, शुक्रवार

डिझाइन करणाऱ्या मुलाने जाहिरातीचं पोस्टर केलं, जांभळ्यावर निळी अक्षरं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला. माझा एक जुना सहकारी दृष्टिहीन आहे, बँकेत आहे, त्याला पाठवलं. त्याने फोन स्पीकरवर धरून ऐकवलं. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोनमधला आवाज, म्हणाला, "फोटो." बस. एवढंच.

"काय लिहिलंय रे?" त्याने विचारलं.

"दिव्यांग उमेदवारांचं स्वागत आहे, असं."

तो इतका वेळ हसला की मलाही हसू आलं.

आता पोस्टरसोबत तोच मजकूर साधा टाइप करून जाईल, मजकूर आधी आणि चित्र नंतर. रंगही बदलले, साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी निदान ४.५ला १ एवढा उजळपणाचा फरक हवा, जांभळ्यावरचं निळं दोनच्याही खाली होतं. स्कॅन केलेली पीडीएफ बंद. फोनवर बोलता न येणाऱ्यांसाठी मेसेजचा नंबर. मुलाखतीला सांकेतिक भाषेचा दुभाषी लागला तर आधी कळवा, असं लिहायचं होतं. पण दुभाषी आणणार कुठून? वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत चौकशी करायचं मॅडमनी कबूल केलंय. ती झाल्यावरच ओळ जाईल.

३ जुलै, बुधवार

मदतकक्षाच्या जाहिरातीत "मातृभाषा मराठी" होतं. सर म्हणाले, हे तरी राहू दे, फोन सगळे नगर, जालना, साताऱ्याहून येतात. मराठी हवंच, यात वाद नाही. पण मातृभाषा कशाला? कुर्ल्याचा उर्दू घरातला मुलगा नाहीतर डोंबिवलीची गुजराती मुलगी माझ्यापेक्षा झकास मराठी बोलते. ते खोडून मी ऐटीत लिहिलं: "शुद्ध मराठी बोलता यायला हवं."

दुपारी गोदामाचे जुने ड्रायव्हर काका कागद द्यायला आले होते. बीडकडचे, तीस वर्षं गाडीवर. त्यांना वाचून दाखवलं, सगळं कळतंय का बघायला. शांतपणे ऐकलं.

"चांगलंय. पण ह्ये शुद्द म्हंजी कसं? आमचं अशुद्द का?"

"तसं नाही काका, फोनवर गिऱ्हाइकाला समजायला..."

"गिऱ्हाईक जालन्याचं हाय ना? मग त्याला माझं समजंल का तुमचं?"

मॅडम पाण्याचा ग्लास तोंडाला लावून हसू लपवत होत्या. बाकीच्यांच्या अटी महिनाभर मी खोडत होतो, आणि सगळ्यात बारीक भोकाची चाळणी माझ्याच खिशात. न-णच्या चुकांवरून मनातल्या मनात माणसाचे मार्क कापायची सवय जुनी आहे, शाळेतली. आता ओळ अशी: "गावाकडून आलेला फोन मराठीत समजून घ्याल आणि उत्तर समोरच्याला कळेल असं द्याल. बोली कुठलीही चालेल."

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात, शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. रुळांवर पाणी, शाळा बंद. मॅनेजर सर स्वतः साडेबाराला पोचले. "वक्तशीर असावा" ही अट आजच खोडून घेतली.

११ जुलै, गुरुवार

सर तयार होते: "व्हीलचेअरसाठी ऑफिस सोयीचं, असं टाका. लिफ्ट आहे ना." म्हटलं, आधी बघू. टेप घेऊन खाली गेलो. लिफ्ट आहे, पण लिफ्टपाशी जायला तीन पायऱ्या. रॅम्प नाही. वर स्वच्छतागृहाचं दार २६ इंच. साधी व्हीलचेअर २५ इंचांच्या आसपास, आणि चाक ढकलणाऱ्या हातांची कोपरं निराळी.

दोन पर्याय होते, काहीच न लिहिणं किंवा आहे ते लिहिणं. तासभर वाद झाला. सरांना वाटत होतं, असं लिहिलं तर कंपनीची बदनामी. माझं म्हणणं, नाही लिहिलं तर माणूस चारशे रुपयांची टॅक्सी करून येईल आणि पायऱ्यांखालून परत जाईल. शेवटी हे ठरलं: "प्रवेशद्वारापासून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत. स्वच्छतागृहाचं दार २६ इंच रुंद आहे. रॅम्प आणि दाराचं काम ठरलंय, झालं की इथे लिहू. तोवर डेटा एंट्री आणि मदतकक्षाचं काम घरूनही करता येईल." शेवटचं वाक्य सरांचं. मी सुचवलं नव्हतं.

१६ जुलै, मंगळवार

आठ जाहिराती गेल्या, गोदामाची नववी अजून अडलेली. पगार सगळीकडे आकड्यात, एकूण किती आणि पीएफ-ईएसआय कापून हातात किती हे वेगवेगळं. अटी ११२ वरून ४१. तळाच्या ओळीत जात, धर्म, लिंग, अपंगत्व, वय आणि घरी बसलेली वर्षं. निवृत्त सैनिकाला सुट्टी दिली, तसा कोणी आला तर दारावरचा वॉचमन सॅल्यूट ठोकेलच, तोही फौजेतलाच. उद्या आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, ऑफिस बंद.

२४ जुलै, बुधवार

आठ दिवसांत अर्ज बरेच आले. पण या वेळी जाहिरात जास्त ठिकाणी गेली, पगारही उघड होता. त्यामुळे माझ्या वाक्यांनी किती फरक पडला हे सांगता येणार नाही, आणि सरांनाही तसंच सांगितलं. अकाउंट्सला, अनुभवाची वर्षं पाहता, चाळिशीपुढचे वाटणारे सहा अर्ज आहेत. वहिनींनी अर्ज केला की नाही ते विचारलं नाही. नाव झाकलंय, मलाही दिसत नाही.

दुपारी मदतकक्षाच्या नंबरवर एक फोन आला, मॅडमनी माझ्याकडे दिला. भांडुपहून एक मुलगी. पायांत कॅलिपर, कुबडी घेऊन चालते. घरून नको, ऑफिसलाच यायचंय म्हणाली.

"दादा, तीन पायऱ्या लिहिलंय. उंची किती एकेकीची? आणि धरायला काही आहे?"

ते आम्ही मोजलंच नव्हतं. फोन चालू ठेवून खाली गेलो, वॉचमननी टेपचं दुसरं टोक धरलं. साडेसहा, साडेसहा, आणि वरची आठ इंच. कठडा डाव्या बाजूला, शेवटच्या पायरीशी तुटलेला. तिला तसंच सांगितलं.

"डाव्या बाजूला म्हणजे चढताना ना?"

"चढताना."

"मग येते शुक्रवारी."

कठड्यासाठी वेल्डरला उद्या सकाळी बोलावलंय. जाहिरातीत पायऱ्यांच्या ओळीत उंची टाकली.